डोळ्यांचा तक्ता मी पाठ करून घेतला होता

माझ्या नातीला 'कॅट' वाचता येतं, 'मॅट' येतं, 'हेन'ही येतं. 'सेड' आला की ती पंख्याकडे बघायला लागते.

रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक आहे. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो, सून पतपेढीत जाते आणि पोरीच्या इंग्रजी वाचनाचं खातं माझ्याकडे आहे. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घसा फोडल्यावर म्हातारीला दुसरं कुठलं खातं मिळणार? स्वयंपाकाचं मीच नको म्हटलं.

इंग्रजी वाचनाची आता जी पद्धत आहे तिला फोनिक्स म्हणतात. अक्षरांची नावं घोकायची नाहीत, आवाज काढायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. क्, ऍ, ट्, झालं 'कॅट'. मुलं दोन महिन्यांत भराभर वाचायला लागतात आणि शिकवणाऱ्याला आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागतं. मग येतात न ऐकणारे शब्द. 'सेड'च्या मधली ए आणि आय ही अक्षरं त्यांचा नेहमीचा आवाज काढतच नाहीत. 'वॉज' तसाच, 'वन' तर त्याहून बेरकी. मी त्यांना हट्टी शब्द म्हणते. त्यांच्यासाठी मी पुठ्ठ्याची कार्डं केली आहेत, रोज संध्याकाळी दहा.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी कार्ड वर धरलं आणि नात म्हणाली, "सेड." बरोबर म्हणाली. पण ती कार्डाकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या पालीकडे बघत होती. कार्डांचा क्रम तिच्या तोंडात बसला होता. दुसऱ्या कुठल्याही आजीनं कौतुकानं गूळ-खोबरं हातावर ठेवलं असतं. माझ्या हातातलं कार्ड खाली पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. सून म्हणत होती, आई, अहो तिला काय झालंय, पाल दिसली ना तिला? बरोबरच होतं तिचं. डॉक्टरांनी तपासलं आणि हसून सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, पोरगी लबाड आहे.

नात डॉक्टरांच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होती तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले होते. तो तक्ता मी एकदा एका अख्ख्या वर्गाकडून पाठ करून घेतला होता. त्या पाठांतरापायी एका पोरीचे डोळे गेले, आणि दोष तिच्यावरच ठेवला गेला. तो माझा आहे हे मी चौदा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ते आता सांगते.

आधी त्या वेळच्या मला जरा भेटून घ्या. त्या बाईंची मी मजा घेतली तर कुणी वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्या वाटणीची दया मी आधीच खाऊन संपवली आहे.

बाई एकोणपन्नास वर्षांच्या. खारवलेल्या हवेतसुद्धा कडक राहील इतकी खळ घातलेली साडी, गळ्यात शिट्टी, पर्समध्ये लाल आणि हिरवं अशी दोन पेनं. रोज सकाळी पेणच्या नाक्यावरून मिनीडोर रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसून खाडीकाठच्या एका गावात यायच्या. मागे बसायच्या नाहीत, मागे कोळणींच्या पाट्या असायच्या. शाळा दोन शिक्षकांची. पहिली ते तिसरी बाईंकडे, तीन वर्ग एकाच खोलीत, मिळून एकतीस मुलं. मुलांचे आईबाप बहुतेक मिठागरावर. बाईंना तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार हवा होता. तो मिळाल्यावर फोटोत कुठल्या बाजूनं उभं राहायचं हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

आमच्या खात्यात एक गोष्ट अंगात भिनते. कुणीही तपासायला येणार म्हटलं की तयारी करून घ्यायची. साहेब येणार, मुलांकडून उत्तरं पाठ करून घ्या. पोषण आहार बघायला येणार, हात कसे धुता ते पाठ करून घ्या. कोण येतंय आणि कशासाठी येतंय, हे विचारायची सवयच मोडलेली असते. बाईंची तर साफ मोडली होती.

त्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येणार होतं. आदल्या वर्षी शेजारच्या गावच्या शाळेत डॉक्टरांनी डोळे तपासताना मुलांना अक्षरंच ओळखता आली नव्हती आणि डॉक्टर म्हणाले होते, यांचे डोळे चांगले आहेत, मास्तर कच्चा आहे. ही गोष्ट केंद्रशाळेच्या बैठकीत सगळ्यांनी चहाबरोबर चघळली. बाईंनी तेव्हाच ठरवलं, आपल्या शाळेत हे होणे नाही.

नर्सबाई आदल्या दिवशी सामान शाळेत ठेवून गेल्या. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि गुंडाळलेला तक्ता. त्या मिनीडोरच्या वाटेला लागल्या न लागल्या तोच बाईंनी तक्ता उलगडून फळ्यावर टांगला. वरती एक मोठं अक्षर, खाली दोन, मग तीन, असं लहान लहान होत जाणारं. बाईंनी पट्टी घेतली, एकेका ओळीवर टकटक केली आणि एकतीस मुलांकडून तो पंधरा वेळा म्हणून घेतला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. शेवटी मुलं इतक्या ठेक्यात म्हणायला लागली की पोषण आहार शिजवणारी मावशी भाताचा डाव हातात घेऊन ऐकायला आली.

डोळे तपासायचा तक्ता. पाठ. हे मी आज कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मीही आधी हसते.

सगळ्यांत लवकर कुणाला आला असेल तर पहिलीतल्या एका मुलीला. सहा वर्षांची, बारीक, मिठागरावरच्या सगळ्या मुलांसारखी डोळे बारीक करून बघणारी. पांढऱ्या मिठावरून ऊन उलटून डोळ्यांत जातं, तिथली मोठी माणसंही तशीच बघतात. तिच्या बुबुळात दुधाच्या थेंबासारखं काहीतरी होतं. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, मिठाचा खार.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना दुपारच्या आत तीन शाळा उरकायच्या होत्या. एक डोळा झाक, म्हण. दुसरा झाक, म्हण. वरच्या ओळीपासून खाली पट्टी सरकवत गेल्या, मधली ओळ कुणाला विचारली नाही. त्या पोरीनं दोन्ही वेळा शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटलं. नर्सबाई म्हणाल्या, काय छान तयारी आहे हो बाई तुमच्या मुलांची. बाई लाजल्या. पोरीच्या कार्डावर शिक्का बसला, दृष्टी सामान्य.

त्याच वर्षी आम्हाला पेणला फोनिक्सचं प्रशिक्षण झालं. शिकवणारी मुलगी माझ्या अर्ध्या वयाची, जीन्स घातलेली, म्हणून मी तिचं अर्धंच ऐकलं. आवाज जोडायचं तंत्र मी उचललं. हट्टी शब्दांबद्दल ती जे सांगत होती ते मात्र सोडून दिलं. ती म्हणत होती, हट्टी शब्द मुलांना चित्रासारखे पाठ करायला लावू नका. शब्दातली बरीच अक्षरं शहाण्यासारखीच वागत असतात. 'सेड'चा पहिला आवाज आणि शेवटचा आवाज बरोबरच आहे, फक्त मधेच गडबड आहे. म्हणून प्रत्येक मुलाला शेजारी बसवा, अक्षरांवर बोट ठेवायला लावा, कुठली अक्षरं ऐकत नाहीत ती त्यालाच शोधू द्या. मी वहीत लिहून घेतलं आणि समासात हिरव्या पेनानं लिहिलं, एकतीस मुलं, वेळ कुठे.

मग बाईंनी आपली पद्धत काढली. साधे शब्द वर्गानं एका सुरात आवाज जोडून म्हणायचे. त्यात ही पोरगी सगळ्यांच्या पुढे. वर्ग क्, ऍ, ट् म्हणेपर्यंत तिच्या तोंडून शब्द बाहेर पडलेला असायचा. तिचा कान इतका तयार होता की मी तिचं उदाहरण द्यायचे. हट्टी शब्दांना मात्र आवाज जोडायचेच नसतात. बाई नुसतं कार्ड वर धरायच्या, एकेकाला उठवायच्या, बघ आणि सांग. तिथे ही पोरगी गप्प. ओठ घट्ट मिटून, मान जरा तिरकी करून उभी राहायची. कधी शेजारणीनं कुजबुजलं तर सांगायची, नाहीतर नाही.

दुसरीचं अख्खं वर्ष मी तिला आडमुठी म्हणत होते. साधं सगळं येतं आणि हेच येत नाही म्हणजे मुद्दाम करते, असा माझा निकाल होता. शिक्षा म्हणून मी तिला शेवटच्या रांगेत बसवलं.

शेवटच्या रांगेत. हे वाक्य मी इथे दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता तिची आई शाळेत आली. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, तशीच कामावरून आली होती. पायरीखाली उभी राहून म्हणाली, "बाय, पोरगी बांधावरनं चालताना दोन डाव खाजनाच्या चिखलात पडली. तिला दिसतंय ना बराबर?"

मी कपाटातून आरोग्य कार्ड काढलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे बघ, दृष्टी सामान्य. सरकारी शिक्का आहे. धांदरट आहे तुझी पोरगी, वर्गातही तशीच. जरा शिस्त लाव."

तिनं कार्डाकडे बघितलं. वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. मला म्हणाली, "मंग झालं. मला वाटलं डोल्यांतच काय हाय." हिच्या बापाला दाखवते म्हणून तिनं ते कार्ड मागून नेलं. माझ्या तोंडून शब्द ऐकून तिच्या मनावरचं ओझं उतरलं, ते मला तिच्या चालीवरून दिसलं. हसत गेली.

तिसरीत ते उघडकीला आलं, आणि तेही माझ्या हुशारीनं नाही. साहेब वाचन बघायला येणार होते आणि प्रत्येक मूल शेजारी बसवून शिकवल्याचे फोटो लागणार होते. म्हणजे ती जीन्सवाली मुलगी सांगत होती ते अखेर करणं आलं, फोटोपुरतं का होईना. मी नवी कार्डं केली. ऐकत नसलेली अक्षरं लाल करायची होती, पण लाल स्केचपेन वाळलं होतं, म्हणून पर्समधल्या नेलपॉलिशनं रंगवली. दोन कार्डांनंतर नेलपॉलिशही संपलं. बाकीची नुसती काळ्या स्केचपेननं लिहिली.

तिला शेजारी बसवलं, पुढ्यात 'सेड' ठेवला आणि म्हटलं, यातलं कोण ऐकत नाही त्याच्यावर बोट ठेव. तिनं कार्डावरून तर्जनी फिरवली, वाळलेल्या नेलपॉलिशचा उंचवटा लागला तिथे थांबवली. बरोबर. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती दाराकडे तोंड करून बसली होती. उजेड यायचा त्या दिशेला. तिचे डोळे कार्डावर नव्हतेच.

मी दुसरं कार्ड ठेवलं, नेलपॉलिश नसलेलं. तिचं बोट गुळगुळीत कागदावरून फिरत राहिलं, फिरत फिरत कार्डाच्या कडेवरून खाली टेबलावर उतरलं आणि टेबलावरच एका जागी थांबलं.

"हितं, बाय?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही. वर्गात बाकीची मुलं होती. मी पुढचं कार्ड ठेवलं नाही.

दोन दिवसांनी मी त्या मायलेकींना पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. म्हातारे डॉक्टर, मिठागरावरची माणसं तपासून केस पांढरे झालेले. त्यांनी बॅटरी मारली, एकेक डोळा पुन्हा तपासला. मग सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लहान मुलांना होतो तो. मुंबईला ऑपरेशन होईल. पण या वयात डोळा बघायला शिकत असतो, आणि याच वर्षांत त्याच्यासमोर पडदा राहिला तर नंतर पडदा काढूनही तो पुरता शिकत नाही. दोन वर्षांपूर्वी आणली असती तर गोष्ट वेगळी होती.

मग त्यांनी विचारलं, शाळेत तपासणी नाही झाली?

आईनं कमरेची पिशवी सोडली. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी शिक्का वाचला, भुवया वर केल्या आणि पोरीला, अगदी मायेनंच, विचारलं, "काय गं, दिसत नव्हतं तर दिसतं असं का सांगितलंस?"

पोरगी गप्प राहिली, मान तिरकी करून, ओठ मिटून.

तेव्हा बोलायची वेळ माझी होती. एक वाक्य पुरलं असतं. मी एक वाक्य बोललेही. मी म्हटलं, "पाठांतरात फार हुशार आहे हो ती."

बस. यात खोटं काही नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली, त्यांना वाटलं पोरीनं आधीच्या मुलांचं ऐकून ठोकून दिलं असेल. आईला एवढंच कळलं की पोरगी खोटं बोलली. तिनं तिथेच, डॉक्टरांच्या समोर, पोरीच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा. मी पर्सची चेन उघडत आणि लावत बसले.

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळायला लागला. डाव्या डोळ्याला जाड भिंगातून जवळचं धूसर दिसायला लागलं, हातावरची बोटं मोजता येतील इतकं. चौथीनंतर तिची शाळा सुटली. मला त्याच वर्षी पुरस्कार मिळाला, वाचनातल्या कामाबद्दल. शाल, नारळ आणि फोटो. फोटोत मी ठरवलेल्याच बाजूनं उभी आहे. पुढच्या वर्षी रोह्याकडे सोयीची बदली घेतली आणि खाडीची ती बाजू मिनीडोरच्या काचेतूनही पुन्हा पाहिली नाही.

पुढे मिठागराचा बांध फुटला, खारं पाणी घरांत शिरलं आणि ते कुटुंब हमरापूरला मामाकडे गेलं, गणपतीच्या कारखान्यात कामाला लागलं. हे मला दोन-तीनदा कानावर आलं होतं. ऐकलंच नाही असं दाखवणं सोपं होतं, आणि त्या बाबतीत माझी तयारी जुनी होती.

नातीचे डोळे तपासून आणल्यावर आठ दिवस मी काढले. नवव्या दिवशी सकाळच्या पनवेल गाडीनं निघाले. सुनेला सांगितलं की जिते गावात एका मैत्रिणीकडे जाते. या वयातही खोटं सहज सुचतं, म्हणजे मेंदू शाबूत आहे.

हमरापूरला कारखाना शोधायला त्रास झाला नाही. लांबलचक शेड, आत न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, सगळीकडे धुरळा. दहा-बारा बाया खाली बसून पॉलिश पेपरनं मूर्ती घासत होत्या. ती दाराजवळच होती. बाविशीची झाली असेल, जाड चष्मा नाकावर खाली घसरलेला. ती चष्म्यातून बघत नव्हती. घासायची आणि मग अंगठा फिरवून कुठे खरखर राहिली ते बघायची. तिच्या पुढ्यातली मूर्ती बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत होती.

मी शेजारी बसले. ओळखलंस का, म्हणाले. आवाजावरून तिनं लगेच ओळखलं.

"बाय, तुमी. हट्टी शब्दांच्या बाय." आणि हात न थांबवता म्हणाली, "म्हातारा झाला तुमचा आवाज."

मी म्हटलं, आवाजच का, सगळंच झालं. ती हसली. त्या हसण्याचा आधार घेऊन मी सांगून टाकलं. तक्ता आदल्या दिवशी मी म्हणून घेतला, तू खोटं बोलली नव्हतीस, तू मी शिकवलेलं म्हटलंस, डॉक्टरांकडे मी हे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही.

तिचा अंगठा मूर्तीच्या सोंडेवर थांबला. मग म्हणाली, "पन बाय, म्हटलं तर मीच ना. नर्सबाय इचारत होती दिसतंय का, तर मी व्हय म्हटलं. मला काय म्हाईत, सगल्यांना कसं दिसतं ते. मला वाटलं असंच दिसतं."

"तुला कसं माहीत असणार, सहा वर्षांच्या पोरीला."

"आय अजून म्हनते. दोन सालांमागं सोयरीक आली होती, चष्मा बघून मोडली. तवा पन म्हनाली, तुज्या तोंडानं घालवलेस गो डोले." तिनं पेपरची घडी उलटी केली आणि पुन्हा घासायला लागली. "मला नका सांगू. तिला सांगा."

आई मागच्या बाजूला साच्यांपाशी होती. बोलावल्यावर हात पुसत आली. केस पूर्ण पिकलेले, पण मला बघताच पदर सारखा केला. बाई आल्या म्हणून. खुर्ची मागवायला निघाली. मी म्हटलं, खुर्ची नको, आधी ऐक. आणि पुन्हा सगळं सांगितलं. पहिल्यांदा सांगताना मला वाटलं होतं की दुसऱ्यांदा सोपं जाईल.

मी संपवल्यावर तिनं विचारलं, "डाक्टर इचारत होता, तवा तुमाला ठाव होतं?"

"हो."

"आन मी हिला मारत होते, तवा?"

"हो. मी तिथेच बसले होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता शिवी येईल, आणि खरं सांगते, मी तिची वाटच बघत होते. शिवी खाल्ली की माणसाला काहीतरी फेडल्यासारखं वाटतं. तिनं दिली नाही. म्हणाली, "उठा. हितं मधी येऊन उभ्या ऱ्हावा. या सगल्यांना सांगा. मी गावभर सांगत फिरली, हिनं खोटं सांगितलं म्हनून. हितल्या परत्येकीला म्हाईत हाय."

मी उठले. एकतीस वर्षं समोर बसलेल्यांना उभं राहून सांगण्यातच गेली होती. मी सांगितलं. तिसऱ्यांदा. पॉलिश पेपरांची घासघास एकेक करून थांबत गेली. मी कुठली सबब घातली नाही. मुलं किती होती ते सांगितलं नाही, पथकाला घाई होती ते सांगितलं नाही. ती दोन्ही वाक्यं जिभेवर तयार होती.

संपल्यावर एक म्हातारी, मामी असावी, म्हणाली, "मंग आता काय करायचं?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच विचारायचं होतं. मी उभीच होते.

आईनं विचारलं, परतीची गाडी कधी आहे. मी सांगितलं, दीड तास आहे अजून.

"टेसनाव बसा," ती म्हणाली. "माजं पन चुकलंय. ते हिला कवा सांगायचं, कसं सांगायचं, ते माजं मी बगीन. तुमच्यासमोर नाय."

मी चपला घातल्या. दारातून एकदा वळून पाहिलं. बाकीच्या बायांनी मान खाली घालून पुन्हा काम सुरू केलं होतं. पोरीचे हात मात्र मांडीवर तसेच होते आणि मान तिरकी करून तिनं कान आईच्या दिशेला लावला होता. आई तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. मग आईनं पाण्याची बादली उचलली आणि शेडच्या मागच्या दारानं बाहेर गेली.